आत्याचं स्टूल आणि सदतीस इमारती

आमच्या कंपनीचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण कंपनीत माझ्याकडे दुसरं काही काम नव्हतं. हे मी नाही म्हणत, दादा म्हणाला. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ आणि कंपनीचा मुख्य. मी बावीस वर्षं भाडेकरारांच्या विभागात बसते. कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर कोण आहे, किती वर्षांसाठी आहे आणि गळका नळ कुणी दुरुस्त करायचा, हे सगळं मला तोंडपाठ आहे. दादाच्या मते हे काम नव्हे, ही सवय आहे.

"पन्नास वर्षं होतायत आपल्याला," तो म्हणाला. "दोनशे पानं, जाड कागद, भरपूर फोटो. गुंतवणूकदारांना वाटायचंय. आणि हे बघ शहाणे, जरा भारदस्त लिही. पाचकळपणा नको."

आता जे मुळात भारदस्त नाही, त्याला मी भारदस्तपणा कुठून आणू? आज आमच्या मालकीच्या सदतीस इमारती आहेत. ऑफिसं, दोन मॉल, गोदामं, एक मोठं हॉटेल. पण ज्यांनी ही कंपनी काढली ते आमचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. खांद्याला हत्यारांची पिशवी, बोटांना कायम ग्रीस. इमारतीची खरी तब्येत मालकाला कळत नाही, लिफ्टवाल्याला कळते, असं ते सांगायचे. ज्या मजल्याचं बटण झिजलंय त्या मजल्यावर धंदा आहे, आणि ज्याचं बटण नवंकोरं चमकतंय तिथे भाडेकरूने मुक्काम हलवला तरी मालकाला पत्ता लागायचा नाही.

अशाच एका चार मजली इमारतीचा मालक कंटाळून ती विकायला निघाला होता. त्याच इमारतीतल्या बँकेचा मॅनेजर बाबांनी दुरुस्त केलेल्या लिफ्टने रोज वर जायचा, आणि एकदा मधेच अडकला तेव्हा बाबांनी त्याला कानाला धरून नाही, पण बगलेत धरून बाहेर ओढलं होतं. त्या ओळखीवर बाबांना ती घ्यायला कर्ज मिळालं. आमच्या कंपनीचा पाया इथे आहे. दादाला हे वाक्य 'धोरणात्मक भागीदारी' असं हवं होतं. मी तसं लिहिलं आणि खाली बगलेतलंही लिहिलं.

पण खरी गंमत बाबांची नव्हे, आत्याची.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी ती बाबांच्या दोन खोल्यांत परत आली. त्या पहिल्या इमारतीच्या जुन्या लिफ्टला सरकती जाळी होती आणि ती उघडमीट करायला माणूस लागायचा. बाबांनी एक बुटकं लाकडी स्टूल लिफ्टमध्ये ठेवलं आणि आत्याला त्यावर बसवलं. तेव्हापासून कंपनीत एक रिवाज पडला. कुठलीही इमारत घ्यायची असली की आधी एक पूर्ण दिवस, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, आत्या तिच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून विणकाम करणार.

नुसतं विणकाम नव्हे. वर जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक सुलट टाका, खाली येणाऱ्यामागे एक उलट. जिवंत इमारतीत माणसं वर जातात तशी खालीही येतात. जेवायला येतात, सिगरेट ओढायला येतात, साहेबाशी भांडून कायमची येतात. सुलट-उलट टाके मिसळतात आणि पट्टी छान सपाट पडते; नुसते सुलट पडले की ती कडांनी वळते. संध्याकाळी सहाला आत्या ती पट्टी मांडीवर पसरणार, तिच्यावरून हात फिरवणार आणि बाबांना एकच शब्द सांगणार, 'घे' नाहीतर 'नको'. बाबा पुढे काही विचारायचे नाहीत. गोदामांच्या वेळी ती मालवाहू लिफ्टमध्ये खोक्यांच्या शेजारी बसली. एका इमारतीला लिफ्टच नव्हती, तिथे जिन्यात बसली आणि दिवसभरात तीन लाथा खाल्ल्या. ती इमारत 'नको' निघाली.

एकूण एकोणीस वेळा ती 'नको' म्हणाली. त्यातली एक इमारत पुढे खचली, एक कोर्टात अडकली. उरलेल्या सतरांचं काय झालं ते मला माहीत नाही. इतिहासकाराने प्रामाणिक असावं.

तर या सगळ्याचं मी तिसरं प्रकरण केलं. आत्याच्या पेटीतल्या सगळ्या पट्ट्यांचे फोटो काढले. प्रत्येक पट्टीला चिठ्ठी टाचलेली होती, इमारत कोणती आणि तारीख काय. लिहिताना मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला पाणी आणून दिलं.

दादाने ते प्रकरण लाल पेनाने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खोडलं.

"लोक हसतील," तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या कंपनीचे निर्णय एक बाई लिफ्टमध्ये विणत बसून घ्यायची? झाकली मूठ सव्वा लाखाची, कळलं?"

"पण खरं आहे ना ते!"

"तेही नाही." त्याने खणातून बाबांची एक जुनी वही काढली. लिफ्टच्या दुरुस्त्या लिहायची वही, पानांवर ग्रीसचे ठसे. एका पानावर 'तिसऱ्या मजल्याचं दार घासतंय' याच्या खाली बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'ताई दिवसभर भिंतीकडे बघत बसते. तिला लिफ्टमध्ये बसवतो. संध्याकाळी काहीतरी विचारायचं म्हणून विचारीन, घेऊ का? तेवढंच तिला बरं वाटेल.'

मी ते दोनदा वाचलं आणि माझं हसू पार मावळलं.

"बाबा तिचं मन राखत होते," दादा म्हणाला. आवाज खाली आला होता त्याचा. "इमारती ते स्वतःच्या डोक्याने घ्यायचे. मी हे तिला कधी सांगणार नाही. पण छापणारही नाही."

आता पंचाईत बघा. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दर बुधवारी मी तिच्याकडे जाते आणि दर बुधवारी दार उघडताच ती विचारते, "माझं पान आलं का गं?" त्या बुधवारी मी म्हटलं, "छापायला गेलं." धडधडीत खोटं. ती इतकी खूश झाली की तिने चहात साखर दोनदा घातली, आणि मी तो चहा माझ्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून घोटाघोटाने संपवला.

दुसऱ्या दिवशी मी दादाच्या खोलीत शिरले. तो त्याच्या लाडक्या मनोऱ्याचं चित्र बघत होता. अठ्ठावीस मजली काचेचा मनोरा. पन्नासाव्या वर्षी तो घ्यायचा आणि त्यासाठी बाकी सदतीस इमारती तारण ठेवायच्या, असा त्याचा बेत होता. अहवाल आले होते. दारातल्या यंत्राच्या मोजणीनुसार रोज हजारो माणसं आत येत होती.

"या मनोऱ्याच्या लिफ्टमध्ये आत्या बसलीच नाही," मी म्हटलं.

"बसणारही नाही. तिथल्या लिफ्टला आतून बटणंसुद्धा नाहीत."

आणि मग उचलली जीभ लावली टाळ्याला! मी म्हटलं, "एक दिवस बसू दे तिला. तुझ्या अहवालात नाही असं काही तिने शोधलं, तर तिचं प्रकरण राहील आणि पहिलं प्रकरण म्हणून राहील. नाही शोधलं, तर मी स्वतःच्या हाताने फाडते."

दादा हसला. लहानपणी पत्त्यांत हुकूम हातात असला की तो असाच हसायचा. "मंजूर," तो म्हणाला. "तशीही आमची शेवटची पाहणी मंगळवारी आहे. आणा तुमचं स्टूल."

मंगळवारी पावणेनऊला मी, आत्या आणि स्टूल मनोऱ्याच्या दारात. पहारेकऱ्याने स्टूल यंत्रातून तीन वेळा पुढे-मागे सरकवून तपासलं. तेवढ्यात विकणाऱ्या मालकाचा दलाल धावत आला. त्याचं बोलणं, केस आणि बूट सगळंच इतकं चकचकीत होतं की आत्याने तिथल्या तिथे त्याला 'गुळगुळीत' नाव ठेवलं.

"मावशी, इथे सोफा आहे ना!" गुळगुळीत म्हणाला.

"सोफा वर-खाली जातो का?" आत्याने विचारलं.

मी सांगितलं की मुख्य साहेबांच्या आत्या आहेत, वयामुळे लिफ्टची हौस आहे. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि हो म्हटलं. म्हातारी, सुया, लोकरीचा गुंडा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिची कुणाला भीती वाटणार? तीन नंबरच्या लिफ्टमध्ये कोपऱ्यात तिने स्टूल मांडलं आणि दार मिटलं. मी खालच्या सोफ्यावर बसून नखं खायला लागले.

अकरा वाजता दार उघडलं तेव्हा मी आत डोकावले. "आत्या, काही?"

"गप्प. मोजतेय."

एक वाजता तिने मला बोटाने आत बोलावलं. पट्टी हातभर झाली होती. "काय गं," ती कुजबुजली, "या लोकांना खाली उतरायची काही अडचण आहे का?"

"म्हणजे?"

"चौथ्या मजल्यापर्यंतचे उतरतात. त्याच्या वरचे जे जातात ते गायबच. सगळे सुलट टाके."

मी पट्टीकडे पाहिलं. दोन्ही कडांनी ती आत वळत चालली होती. मला वाटलं, वय झालं, मोजणी चुकली. आता ते प्रकरण मला स्वतःच फाडावं लागणार होतं आणि बुधवारी पुन्हा त्या दारात उभं राहावं लागणार होतं. मी तिच्यासोबतच लिफ्टमध्ये थांबले.

तीनच्या सुमाराला एक पन्नाशीचे गृहस्थ आत आले. डॉक्टरांचा पांढरा कोट, हातात फाइल, कपाळावर घाम. आत्याने मान वर केली नाही. तिची नजर त्यांच्या बुटांवर होती. बुटकं स्टूल आणि मोतीबिंदू, तिला तेवढंच स्वच्छ दिसत होतं.

"बसा जरा," ती उठून म्हणाली. "दमलात."

"नको नको, मावशी, मीटिंग आहे."

"अकरावी ना?"

डॉक्टर जागच्या जागी थिजले.

"सकाळी काळ्या कोटात वकील होतात," आत्या म्हणाली. "मग निळा स्वेटर. मग ती कुरिअरची टोपी. डाव्या बुटाची नाडी तुटलीय आणि तिथे सुतळी बांधलीय. ती सुतळी आज अकरा वेळा वर गेली आणि एकदाही खाली आली नाही. जिन्याने उतरता का हो?"

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा छताकडे, आणि मग स्टुलावर धपकन बसले. "अठ्ठावीस मजले, मावशी," ते म्हणाले. "गुडघ्यांचा भुगा झालाय."

ते नाटकातले नट निघाले. त्यांची अख्खी मंडळी आठवडाभरासाठी आणली होती. त्यांना सांगितलं होतं की जाहिरातीचं चित्रीकरण आहे आणि कॅमेरे छतात लपवलेत. पुढच्या दाराने आत यायचं, लिफ्टने वर जायचं, मागच्या जिन्याने उतरायचं, तळघरात कपडे बदलायचे आणि परत पुढच्या दाराने आत. दारातलं यंत्र फक्त येणारे मोजतं. कोट बावीस दिले होते, टोप्या दिल्या, चष्मे दिले, एकाला पोटसुद्धा दिलं.

"आणि बूट?" मी विचारलं.

"बूट आपापले," ते म्हणाले. "ज्यांनी आणलं ते म्हणाले, बुटांकडे कोण बघतं?"

मला हसू आवरेना. मी लिफ्टच्या भिंतीला टेकून हसत सुटले. नटमहाशयही हसायला लागले. आत्या मात्र गंभीरपणे विणत होती, कारण लिफ्ट खाली निघाली होती आणि डॉक्टर अजून स्टुलावरच होते. तिने त्यांच्या नावाने एक उलट टाका घातला.

तळमजल्याला दार उघडलं आणि समोर दादा! त्याच्यासोबत बँकेच्या दोन गंभीर बायका आणि गुळगुळीत, आणि त्यांच्या मागे वर जायला निघालेले सहाजण. स्टुलावर बसलेला डॉक्टर बघून गुळगुळीतचा चेहरा उतरला. चोराच्या मनात चांदणं.

"आपण दुसऱ्या लिफ्टने जाऊ," तो म्हणाला.

"नको, हीच," दादा म्हणाला. "आमच्या आत्या आहेत. घेऊ दे त्यांना आमचे पण टाके." आणि तो बँकेच्या बाईंकडे बघून माफी मागितल्यासारखं हसला. सगळे आत शिरले, मागचे सहाजणही सवयीने शिरले, आणि लिफ्ट कर्कश बोंबलायला लागली. वजन जास्त झालं होतं.

"एकाने उतरा," आत्या म्हणाली. "या तपकिरी सॅंडलच्या बाई, तुमचं सात वेळा झालंय. तुम्ही उतरलात तरी चालेल."

"अहो, पण माझी आठवी एन्ट्री राहील ना!" त्या बाई कळवळून म्हणाल्या.

लिफ्ट बोंबलतच होती. दादा त्या बाईंकडे बघत राहिला.

"कसली एन्ट्री?" बँकेच्या एका बाईंनी विचारलं.

"आत्ता मी गरोदर आहे, आधी मी हिशेबनीस होते," त्या म्हणाल्या आणि पोटातली उशी सावरली.

स्टुलावरच्या डॉक्टरांना हसू फुटलं. मग बाकीच्या पाचांना. उशी खाली पडली. मी दादाच्या खांद्याला धरून हसत होते, कारण धरायला दुसरं काही नव्हतं. गुळगुळीत दाराकडे सरकत होता, पण दारात आठव्या एन्ट्रीच्या बाई उभ्या होत्या आणि त्या काही हलत नव्हत्या. पुढे चौकशी झाली तेव्हा चौथ्या मजल्याच्या वरचे सगळे भाडेकरू मालकाचेच भाचे-पुतणे निघाले, कागदावरचे. सगळं पितळ उघडं पडलं.

दादा हसत नव्हता. सदतीस इमारती त्याच्या डोळ्यांसमोरून जात असणार. त्याने आत्याच्या हातातली पट्टी घेतली, सरळ करायला गेला, आणि ती पुन्हा त्याच्या मनगटाभोवती गुंडाळली गेली.

"आत्या," तो म्हणाला, "घेऊ का?"

बाबा गेल्यानंतर सहा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिने कान पुढे केला. मला वाटतं तिला तो पुन्हा ऐकायचा होता.

"नको," ती म्हणाली.

बुधवारी मी एकटी नाही, दादाला घेऊन गेले. त्याच्या काखेत बाबांची वही होती. वाटेत मी शंभरदा म्हटलं, "कशाला दाखवतोस? जिंकली ना ती? सोड." पण दादाचं पाप त्याला पचत नाही, लहानपणीही चोरलेलं परत नेऊन द्यायचा. त्याने आत्यासमोर वही उघडली आणि मान खाली घालून म्हणाला, "मी तुझं पान खोडलं होतं. यामुळे."

आत्याने वही डोळ्यांपाशी नेली. ओठ हलवत हलवत ती ओळ वाचली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बावळट गं बावळट!" ती म्हणाली. "त्याला वाटलं मला कळलं नाही! कळलं होतं मला. एवढा धडपडतोय माझ्यासाठी, म्हणून त्याचं मन राखायला मी पण काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, 'घे'. इमारतीकडे मी पाहिलंसुद्धा नव्हतं!"

"मग?" दादा म्हणाला.

"मग काय! आठ दिवसांनी घरी येऊन सांगतो, 'ताई, घेतली.' म्हटलं, हा वेडा माझं खरंच ऐकतोय! आता नीट बघायला हवं. दुसरीपासून मी टाके मोजायला लागले." तिने डोळे पुसले आणि भिंतीकडे बोट केलं. "आणि त्या भिंतीकडे बघायला मला वेळच उरला नाही."

दादाने वही मिटली. मग त्याने मला कागद काढायला सांगितलं. पुस्तकाचं पहिलं वाक्य मी तिथेच लिहिलं: 'एका भावाने उगीच विचारलं, एका बहिणीने उगीच उत्तर दिलं, आणि आमची कंपनी सुरू झाली.' दादाने वाचलं, लाल पेन काढलं आणि दोन्ही 'उगीच' खोडले. गुंतवणूकदारांचं काय करणार?

आत्याने त्याच्या हातातून पेन घेतलं. कागद नाकाशी धरला आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत दोन्ही 'उगीच' परत जागच्या जागी लिहिले.

"तेवढंच तर खरं होतं रे," ती म्हणाली.